गुडघ्यावरील कृत्रिम पाय

गुडघ्यावरील कृत्रिम पाय : मांडीच्या हाडातून पाय छेदावा लागल्यावर उरलेल्या भागावर, म्हणजे खुंटावर, बसविण्यात येणारा कृत्रिम अवयव. खुंट ज्यात बसतो ते सॉकेट, गुडघ्याचा सांधा, नळी व पाऊल असे त्याचे मुख्य भाग होत. गुडघ्याखालील कृत्रिम पाय व हा पाय ह्यांतील भेद केवळ लांबीचा नाही. पाय गुडघ्याखाली छेदला असल्यास स्वतःचा गुडघा शाबूत राहतो आणि उठणे, चढणे, तोल सावरणे ह्या क्रिया त्याच्या स्नायूंच्या ताब्यात असतात. मांडीतून छेद झाला, की हा ताबा जातो व तेच काम एका बिजागरीकडून करवून घ्यावे लागते. म्हणूनच शस्त्रक्रिया करणारे वैद्य शक्य असेल तेथे गुडघा वाचवितात. ह्या अवयवाचा इतिहास बहुतांशी त्या एका सांध्याचा इतिहास आहे.

कृत्रिम पायाचा भारतीय वाङ्मयातील सर्वांत जुना उल्लेख ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात येतो. रात्रीच्या युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी जंघा दिली, असे तेथे म्हटले आहे. विश्पला ही स्त्री की घोडी, ह्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. संस्कृतातील ‘जंघा’ हा शब्द मुख्यतः घोटा व गुडघा ह्यांमधील भागाचा वाचक आहे. मराठीतील ‘जांघ’ त्यावरूनच आली असली, तरी ती बरीच वर सरकली आहे. तेव्हा ही कथा गुडघ्यावरील पायाची समजण्यास फारसा आधार नाही.

मांडीतून पाय तुटलेला माणूस पूर्वी फारच क्वचित वाचत असे. रक्तस्राव थांबविणे हीच मुख्य अडचण होती. फ्रान्समधील शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे (१५१०–९०) ह्यांनी अवयवछेदनात रक्तवाहिन्या बांधण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि गुडघ्यात वाकणारा व कळ लावून ताठ करता येणारा पायही आखून दाखविला. तो सरदारांपुरता होता. सामान्य जखमी सैनिकाच्या वाट्याला लाकडी खुंटीच आली. वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) मांडीतून पाय गमावलेले अँग्लसीचे मार्क्विस ह्यांनी लंडनच्या जेम्स पॉट्स ह्या कारागिराने बनविलेला पाय वापरला. त्यात गुडघा व घोटा आतड्याच्या तातीने जोडलेले होते, त्यामुळे गुडघा वाकला की पावलाचा पुढचा भाग आपोआप उचलला जाई. सॉकेट केवळ हवेच्या दाबाने खुंटावर धरून ठेवण्याची कल्पना अमेरिकेत १८६३ मध्ये पुढे आली. तिचा खरा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात मानवी चालीचा सूक्ष्म अभ्यास होऊन सॉकेटचा आकार व सांध्याची जागा ठरविण्याला शास्त्रीय बैठक मिळाली. द्रवाच्या दाबावर चालणारे गुडघे पुढे आले, तर १९९७ मध्ये सूक्ष्म संगणकाने नियंत्रित होणारा जर्मन गुडघा बाजारात आला. त्याची किंमत आजही बहुसंख्य भारतीयांच्या आवाक्याबाहेर आहे.

भारतात ह्या विद्येची पद्धतशीर सुरुवात महाराष्ट्रातच झाली. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी पुण्यास १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले व पुढे त्याचा लाभ नागरिकांनाही मिळू लागला. मुंबईत हाजी अलीजवळील भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये सुरू झाली. कानपूर येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय निगमाकडून अवयवांच्या सुट्या भागांचे उत्पादन होऊ लागले. मात्र सुरुवातीचे पाय पाश्चात्त्य धर्तीचे होते. त्यांत बूट गृहीत धरलेला असे, तसेच बसायला खुर्ची आणि चालायला सपाट फरशीही. अनवाणी चालणाऱ्या व जमिनीवर बसणाऱ्या माणसाने ते काही दिवसांत कोपऱ्यात उभे करून ठेवावेत, ह्यात नवल नव्हते.

ही उणीव जयपूर येथील शस्त्रवैद्य प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ओळखली. त्यांचे रबरी पाऊल बुटावाचून चालते, पाण्यात खराब होत नाही आणि सर्व दिशांना वाकते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या जयपूरच्या संस्थेने ते देशभर पोहोचविले. सेठी ह्यांना १९८१ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. परंतु हा शोध पावलाचा होता, गुडघ्याचा नव्हता. ‘जयपूर फूट’ लावून धावणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या माणसांच्या ज्या कथा खेडोपाडी पोहोचल्या, त्यांतील बहुतेक माणसांचा गुडघा शाबूत होता. त्याच अपेक्षेने मांडीतून पाय गेलेला माणूस केंद्रावर येतो आणि निराश होतो. चार सांध्यांच्या जोडणीचा, स्वस्त व अधिक स्थिर असा ‘जयपूर गुडघा’ स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास तयार झाला, तेव्हा कोठे ह्या प्रश्नाला हात लागला.

नागपूर जिल्ह्यातील मौदा हे तालुक्याचे गाव नागपूर–भंडारा मार्गावर, कन्हान नदीच्या काठी आहे. पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर ह्या भागात धान पिकते. येथील शेतकऱ्याला पाय हवा असतो तो रोवणीत उतरण्यासाठी, आणि नेमके तेच काम ह्या पायाला साधत नाही. चिखलणी केलेल्या बांधीत पाऊल रुतते. ते उपसण्यासाठी गुडघा वाकवून वर ओढण्याची ताकद लागते. खुंटाला ती नसते, उलट सॉकेटच खुंटावरून निसटू पाहते. सांध्यात गाळ शिरतो तो वेगळाच. धुऱ्यावरून काठी घेऊन चालणे, पाण्यावर नजर ठेवणे, गुरांना चारा घालणे, बसून करावयाची कामे करणे हे सरावाने जमते. गावातील पक्का रस्ता व बाजार हा तर ह्या पायाचा खरा मुलूख आहे. तेथेही प्रत्येक पावलाला नितंबाच्या स्नायूंनी खुंट मागे रेटून गुडघा स्थिर करावा लागतो. दुर्लक्ष झाले की तो दुमडतो. कळ लावून गुडघा ताठ ठेवला तर पडण्याची भीती कमी होते, पण पाय बाजूने फिरवून टाकावा लागतो. एवढेच अंतर चालण्यास सामान्य माणसाच्या सुमारे दीडपट किंवा त्याहूनही अधिक शक्ती खर्च होते. म्हणून वेग मंदावतो, आणि वृद्ध माणसे पुष्कळदा घरात कुबड्याच पसंत करतात.

जिन्यावर चढताना शाबूत पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, असा क्रम शिकविला जातो. एस. टी. च्या उंच पायरीसाठी दांड्याचा आधार लागतो. मांडी घालून बसण्यासाठी गुडघ्याच्या वर फिरता जोड बसवून घ्यावा लागतो. उकिडवे बसणे मात्र जवळजवळ अशक्य असते, म्हणून शौचासाठी उंच आसन किंवा मधोमध भोक असलेली खुर्ची लागते. पाय मिळण्याआधी घरात ही सोय करणे इष्ट. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. सॉकेटमध्ये घाम साचून त्वचा सोलवटते, पुरळ उठते. खुंटावरचा मोजा रोज धुणे आणि जखम दिसताच पाय न लावणे हे नियम पाळावेच लागतात. रात्री पाय काढून ठेवलेला असतो. नसलेला पाय आहेच, असा भास बहुतेकांना होत राहतो. अर्धवट झोपेत त्याच पायावर उभे राहून पडल्याची उदाहरणे सर्व केंद्रांना परिचित आहेत. कुबडी खाटेला लागून असावी, ती त्यासाठीच.

शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष खुंट आक्रसत जातो व पहिले सॉकेट सैल होते. ते अनेक मोजे चढवून घट्ट करणे हा तात्पुरता उपाय होय. पुढे नवे सॉकेट करावेच लागते. साधने देण्यासाठी केंद्र शासनाची योजना १९८१ पासून आहे आणि १९९५ व २०१६ च्या कायद्यांनी अपंगांचे हक्क मान्य केले आहेत. शिबिरात पाय एका दिवसात मिळू शकतो. तो पेलण्याचा सराव मात्र समांतर दांड्यांमध्ये सुरू होऊन काही महिने चालतो. त्या काळात मोजमाप, दुरुस्ती व सरावासाठी मौद्याच्या माणसाला नागपूरला वारंवार जावे लागते आणि दर खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते, बरोबर आलेल्याचीही.