समुद्रतळीच्या वायूचे माप कोणी घ्यावे?

दाभोळहून बेंगळुरूला जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी आमच्या बेळगाव जिल्ह्यातून जाते. २०१३ साली ती सुरू झाली. गोकाकपासून तिचा एक फाटा गोव्याकडे वळतो. शेतांच्या बांधांवर ठरावीक अंतराने उभे असलेले तिचे खांब आता कोणाच्या नजरेत भरत नाहीत. अशाच एका खांबापाशी आमच्या शाळेच्या एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी विचारले, "सर, ह्यो गॅस किती वरसं पुरंल? कुणीतरी मोजला असंलच की."

मी सांगितले, की हा वायू बहुतांशी परदेशातून जहाजाने द्रवरूपात येतो. त्यावर ते म्हणाले, "मग आपल्याच समुद्रात लई गॅस सापडला म्हणून पेपरात आलं होतं, त्याचं काय झालं?"

मला उत्तर देता आले नाही. मी इतिहासाचा माणूस. भूगर्भशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण त्या प्रश्नाचा माग घेत गेलो तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला घेतली, तेव्हा त्यांचा आग्रह एकच होता: बखरीतल्या आकड्यावर विसंबू नका, अस्सल कागद पाहा. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि त्यात लिहिणाऱ्याचा स्वार्थ काय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. भूगर्भातल्या साठ्यांचे आकडेही याच कसोटीला लावावे लागतात.

आधी हे माप कसे घेतात ते पाहू. वायू समुद्राच्या तळाखाली पोकळ गुहेत भरलेला नसतो. तो वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत अडकलेला असतो. या खडकाचे क्षेत्रफळ किती, जाडी किती, छिद्रांचे प्रमाण किती, त्या छिद्रांत पाणी किती व वायू किती, आणि त्यातला किती वर काढता येईल, अशा पाच गोष्टींचा गुणाकार करून अंदाज बांधतात. ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाखालचे चित्र मिळते आणि मोजक्या विहिरी खोदून त्याची खातरजमा होते. खोल समुद्रात एकेका विहिरीला कोट्यवधी डॉलर लागतात, त्यामुळे विहिरी थोड्या आणि तर्क फार, अशी स्थिती असते. आता हे पाचही आकडे प्रत्येकी फक्त २० टक्क्यांनी चढे धरले गेले असे समजा. गुणाकारात अंदाज जवळजवळ अडीचपट होतो. यात कोणी लबाडी केलेली नसते. प्रत्येक ठिकाणी जरासा आशावाद, एवढेच.

दुसरी पद्धत अधिक खात्रीची, पण ती उत्पादन सुरू झाल्यावरच वापरता येते. सायकलच्या ट्यूबमधली थोडी हवा सोडली की दाब किती उतरला यावरून आत किती हवा होती हे कळते, तसेच हे. ठराविक वायू काढल्यावर साठ्याचा दाब झपाट्याने उतरला, तर साठा समजलो होतो त्याहून लहान आहे असे समजावे. पण तोपर्यंत पैसा खर्च होऊन गेलेला असतो.

आता त्या पालकांना आठवत असलेल्या बातमीकडे येतो. १९९३ साली भारत सरकारने हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन केले आणि पुढे नव्या धोरणानुसार समुद्रातले विभाग खासगी कंपन्यांनाही दिले जाऊ लागले. २००० साली आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला एक विभाग रिलायन्स आणि कॅनडाची निको या कंपन्यांना मिळाला. वृत्तपत्रांत तो 'केजी-डी६' या नावाने गाजला. २००२ च्या अखेरीस तिथे मोठा वायुसाठा सापडल्याचे जाहीर झाले.

येथून आकड्यांचा प्रवास सुरू होतो. हे आकडे 'टीसीएफ'मध्ये सांगतात. एक टीसीएफ म्हणजे एक लाख कोटी घनफूट. २००४ च्या विकास आराखड्यात मुख्य दोन क्षेत्रांतून काढता येण्याजोगा वायू ३.८१ टीसीएफ धरला होता, रोजचे उत्पादन ४ कोटी घनमीटर आणि खर्च २४० कोटी डॉलर. दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, सुधारित आराखडा आला. त्यात साठा १०.०३ टीसीएफ झाला, उत्पादन दुप्पट म्हणजे रोज ८ कोटी घनमीटर, आणि खर्च ८८० कोटी डॉलर. महासंचालनालयाने तपासणी केली आणि आराखडा मंजूर झाला.

२००९ च्या एप्रिलमध्ये वायू वाहू लागला. काकिनाड्याहून निघून हैदराबादवरून, कर्नाटक व महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत भरूचपर्यंत जाणारी सुमारे १,४०० किलोमीटरची वाहिनी त्यासाठी टाकली गेली. तिची क्षमताही रोज ८ कोटी घनमीटर. म्हणजे नळाचा घेर अंदाजाच्या मापाने बेतला होता. २०१० मध्ये उत्पादन रोज सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत चढले आणि तेथूनच उतरू लागले. विहिरींत पाणी आणि वाळू शिरू लागली, दाब अपेक्षेपेक्षा लवकर घसरला. २०१२ मध्ये निकोने आपला अंदाज एकदम खाली आणला. सुधारित आराखड्यात १०.०३ चा आकडा सुमारे ३.१ वर आला. २०२० च्या फेब्रुवारीत ती दोन्ही क्षेत्रे बंद झाली. त्याच विभागातल्या दुसऱ्या साठ्यांतून २०२० च्या डिसेंबरपासून पुन्हा वायू निघू लागला, हेही नमूद केले पाहिजे. पण तो साठा वेगळा.

उत्पादन का घटले यावर वाद झाला. कंपनीचे म्हणणे, भूगर्भाची रचनाच समजली होती त्याहून गुंतागुंतीची निघाली. महासंचालनालयाचे म्हणणे, आराखड्यात कबूल केलेल्या विहिरी खोदल्या गेल्या नाहीत. सरकारने खर्चवसुली काही प्रमाणात नाकारली आणि प्रकरण लवादाकडे गेले. मी कोणाची बाजू घेत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे: २०११ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमसारख्या मुरलेल्या कंपनीने या विभागासह एकूण २१ विभागांत ३० टक्के हिस्सा घेण्यासाठी ७२० कोटी डॉलरचा करार केला होता. जाणकारही फसू शकतात.

याची झळ कोणाला लागली? आंध्रात या वायूच्या भरवशावर वीजप्रकल्प उभे राहिले होते. २०१५ मध्ये देशातल्या सुमारे २४,००० मेगावॅट वायुआधारित प्रकल्पांपैकी १४,३०५ मेगावॅट क्षमतेला देशी वायूचा पुरवठाच नव्हता. आमच्या वाहिनीचे उगमस्थान असलेल्या दाभोळच्या १,९६७ मेगावॅटच्या प्रकल्पालाही याच वायूचा आधार होता. तो २०१३ च्या अखेरीस थांबला आणि २०१५ मध्ये रेल्वेसाठी सुमारे ५०० मेगावॅट वीज देण्यापुरता पुन्हा सुरू झाला. प्रकल्पांची कर्जे बँकांची, आणि बँकांतला पैसा ठेवीदारांचा. आकडा कागदावर चुकला, पण त्याचे व्याज खरे होते.

त्याच खोऱ्यातली दुसरी हकीकत गुजरात राज्याच्या पेट्रोलियम महामंडळाची. २००५ च्या जूनमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी तेथे २० टीसीएफ वायू सापडल्याची घोषणा केली. पुढे महासंचालनालयाने मान्य केलेला साठा त्याच्या सुमारे एक दशांश निघाला. खडक घट्ट, तापमान व दाब प्रचंड, त्यामुळे वायू काढणेही कठीण. भारताचे महालेखापरीक्षक यांनी या कारभारावर ताशेरे ओढले. २०१५ च्या मार्चअखेर महामंडळाचे कर्ज सुमारे १९,७०० कोटी रुपयांवर गेले होते. २०१७ मध्ये ओएनजीसीने त्या विभागातला ८० टक्के हिस्सा सुमारे ७,७३८ कोटी रुपयांना घेतला. घोषणा सभेत होते, मोजणी नंतर होते. हा क्रम उलटा हवा होता.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. २००४ च्या जानेवारीत शेल या जगद्विख्यात कंपनीने आपले 'सिद्ध' म्हणून दाखवलेले साठे ३९० कोटी पिंपांनी, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी, जास्त होते असे कबूल केले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातला गॉर्गन हा वायुसाठा त्यात होता. वायू तिथे होताच. पण तो काढून विकण्याची पक्की योजना झालेली नसताना 'सिद्ध' म्हणून धरला गेला होता. मार्चमध्ये अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि अमेरिका व ब्रिटनमध्ये मिळून मोठा दंड भरावा लागला. चौकशीत आढळले, की एवढ्या अवाढव्य कंपनीच्या साठ्यांची अंतर्गत तपासणी करणारा माणूस एकच होता: कंपनीतूनच निवृत्त झालेला, अर्धवेळ काम करणारा अभियंता.

शाळेत आम्ही मुलाला स्वतःची उत्तरपत्रिका तपासू देत नाही. बोर्डाच्या परीक्षेत त्याच्या शिक्षकालाही देत नाही. मुलगा अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे; आपल्या उत्तरावर प्रत्येकाचा जीव असतो म्हणून. साठे तपासणाऱ्या स्वतंत्र संस्था जगात आहेत. १९३६ साली अमेरिकेत सुरू झालेली डीगोलियर अँड मॅकनॉटन ही त्यांतली नावाजलेली. पण बहुतेक वेळा अशा संस्थेचे शुल्क देते ती कंपनीच, आणि तपासायचे कागद पुरवते तीही कंपनीच. परीक्षक बाहेरचा, पण प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याने काढलेली, असा प्रकार होतो.

याला एक अपवाद आपल्याकडेच घडला. आपल्या विभागातला वायू शेजारच्या केजी-डी६ मध्ये वाहून जातो, अशी ओएनजीसीची तक्रार होती. २०१४ मध्ये ती न्यायालयात गेली. मग दोन्ही पक्षांच्या संमतीने हीच अमेरिकन संस्था नेमली गेली आणि दोघांनी आपापली माहिती तिच्यापुढे ठेवली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तिने अहवाल दिला: २००९ ते २०१५ या काळात सुमारे १,११२ कोटी घनमीटर वायू सरकला होता. त्याची भरपाई कोणी द्यायची यावर भांडण चालूच राहिले. २०१८ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला; २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द ठरवला. स्वतंत्र मोजणीने तंटा मिटतोच असे नाही. पण हवेतल्या आरोपांच्या जागी चर्चा करण्याजोगा एक आकडा तरी येतो.

मला याहून मोलाची वाटते ती गोष्ट २०१७ मधली. त्या वर्षी सरकारने भूगर्भातल्या पाहण्यांची माहिती एकत्र ठेवणारे राष्ट्रीय भांडार सुरू केले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून पत्रे छापली ती एवढ्यासाठी, की आपला निष्कर्ष चुकला तर दुसऱ्याला तो दुरुस्त करता यावा. साठ्यांच्या बाबतीतही एका मोठ्या परीक्षकापेक्षा मूळ कागद अनेकांच्या डोळ्यांखालून जाणे अधिक हिताचे.

मध्यंतरी तेच पालक पुन्हा भेटले. मी त्यांना ही सारी हकीकत थोडक्यात सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "सर, उसाचा अंदाज कारखान्याची माणसं येऊन बांधतात. पण आम्ही काट्यावर वजन झाल्याबिगर उधारी करत नाही."

मला चार महिने वाचून जे कळले ते त्यांना आधीच ठाऊक होते.