रेडिओ-नियंत्रित बग्गीच्या गिअरबॉक्समधील आवाज

रेडिओ-नियंत्रित बग्गीच्या गिअरबॉक्समधील आवाज हा मोटरची गती चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या दंतचक्रांच्या, बेअरिंगच्या आणि डिफरन्शियलच्या कंपनांतून निर्माण होतो. सरळ दातांच्या चक्रांमुळे थोडा आवाज स्वाभाविक असतो. मात्र आवाजाची पट्टी, लय किंवा तीव्रता अचानक बदलल्यास तो बिघाडाची पूर्वसूचना ठरतो. अशा सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यास प्लॅस्टिकच्या दंतचक्राचे दात झिजतात, मोटर तापते आणि अल्प खर्चाची दुरुस्ती मोठ्या खर्चाची होते.

रचना

१:१० प्रमाणातील विद्युत बग्गीत बहुधा ३६ मिमी व्यासाची, ‘५४०’ आकाराची मोटर असते. मोटरच्या दांड्यावर पिनियन हे लहान दंतचक्र ग्रब स्क्रूने घट्ट केलेले असते. ते स्पर गिअर या मोठ्या दंतचक्राला फिरवते. तेथून गती स्लिपर क्लच, आतील दंतचक्रे, डिफरन्शियल आणि अर्धदांडे या मार्गाने चाकांपर्यंत जाते. पिनियन सहसा धातूचे, तर स्पर गिअर प्लॅस्टिकचे असते. त्यामुळे चूक झाल्यास प्रथम स्पर गिअर झिजते.

तामिया या जपानी कंपनीच्या १९८४ मधील ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या बग्ग्यांत मोटरची जागा ठरावीक भोकांनी निश्चित केलेली होती. त्याच वर्षी आलेल्या असोसिएटेड कंपनीच्या आरसी१० या बग्गीत मोटर सरकवून पिनियन व स्पर गिअरमधील अंतर बदलता येत असे. पहिल्या प्रकारात आवाजाचे कारण मुख्यतः झीज, चुकीचे पिनियन किंवा सैल स्क्रू यांत शोधावे लागते. दुसऱ्या प्रकारात जुळणीची चूक ही आणखी एक शक्यता असते.

स्वाभाविक आवाज

सरळ दात एकमेकांवर संपूर्ण रुंदीने एकाच क्षणी टेकतात, म्हणून तिरप्या दातांपेक्षा ते अधिक आवाज करतात. अनेक मोटारगाड्या मागे घेताना येणारा घुमणारा आवाज याच कारणाने येतो. बग्गीची मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल आणि पिनियनला २० दात असतील, तर सेकंदाला २५० फेरे आणि ५,००० दातभेटी होतात. ही वारंवारता मानवी कानाच्या सर्वाधिक संवेदनशील पट्ट्याजवळ असल्याने लहानसा दोषही मोठा भासतो. वेगाबरोबर सारखी चढत जाणारी, एकसुरी घुंई सामान्य मानली जाते.

आवाजाचे प्रकार आणि संभाव्य कारणे

* कर्कश, चढा आवाज : पिनियन व स्पर गिअर एकमेकांवर दाबले जाणे. या स्थितीत मोटर अधिक विद्युतप्रवाह घेते व लवकर तापते.
* खडखड, विशेषतः वेग घेताना व ब्रेक लावताना : दातांमध्ये जास्त मोकळीक, किंवा मोटरचे स्क्रू सैल होणे.
* ठरावीक अंतराने टकटक : तुटलेला दात, दातांत अडकलेला खडा किंवा वाकलेला दांडा.
* सतत खरखर : बेअरिंगमध्ये धूळ शिरणे, गंज चढणे किंवा बुश झिजणे.
* जोरात वेग घेताना भुंकल्यासारखा आवाज : बॉल डिफरन्शियल घसरणे.
* चाके वळवलेली असताना कटकट (चारचाकी चालनाच्या बग्गीत) : पुढील अर्धदांड्यांचे सांधे झिजणे.

निदानाची पद्धत

गिअरबॉक्स प्रथमच पूर्ण उघडल्यास आवाजाचे मूळ सापडण्याऐवजी मूळ जुळणी बिघडू शकते. म्हणून बाहेरून आत जाणारी, एकेक भाग वगळण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

पिनियन काढून मोटर एकटी हळू वेगाने फिरवावी. आवाज कायम राहिल्यास दोष मोटरच्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये असतो. ब्रशलेस मोटरची मंद वेगातील गुणगुण मात्र वेगनियंत्रकाच्या विद्युतस्पंदांमुळेही येते. त्यानंतर मोटर जोडण्याआधीच स्पर गिअर हाताने फिरवावे. या वेळी जाणवणारी खरखर गिअरबॉक्स, अर्धदांडे किंवा चाकांच्या बेअरिंगकडे निर्देश करते. अर्धदांडे व चाके काढून चाचणी पुन्हा केल्यास ही शक्यता आणखी आकुंचित होते.

टकटक असल्यास मोटर जोडून, दोन्ही चाके एकत्र हळू फिरवून ठोके मोजावेत. ८० दातांच्या स्पर गिअरबरोबर २० दातांचे पिनियन असेल, तर स्पर गिअरच्या एका फेऱ्यात पिनियनचे चार फेरे होतात. त्या एका फेऱ्यात एकच ठोका आल्यास दोष स्पर गिअरमध्ये, चार आल्यास पिनियनमध्ये किंवा मोटरच्या दांड्यात असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकच ठोका येत असल्यास डिफरन्शियलचे चक्र किंवा अर्धदांडा तपासावा.

दातांची जुळणी

पिनियन व स्पर गिअर यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून मोटर टेकवावी, स्क्रू घट्ट करावेत आणि पट्टी बाहेर काढावी. त्यानंतर स्पर गिअर किंचित पुढेमागे हलले पाहिजे. स्पर गिअर पूर्ण गोल नसल्यास एका ठिकाणची जुळणी दुसऱ्या ठिकाणी घट्ट होते. म्हणून पूर्ण फेऱ्यात निदान चार जागी मोकळीक पाहावी लागते.

दातांचे माप जुळणेही आवश्यक असते. ४८ पिचच्या चक्राचे मॉड्यूल सुमारे ०.५३ असते, तर तामियाच्या अनेक बग्ग्यांत ०.६ मॉड्यूल वापरले जाते. दोन्ही दात डोळ्यांना सारखेच वाटतात. पण एकत्र बसवल्यास प्रचंड आवाज होतो आणि प्लॅस्टिकचे चक्र अल्पावधीत नष्ट होते. ६४ पिच व ०.४ मॉड्यूल यांच्यातील फरक अत्यल्प आहे, तर ३२ पिचचे दात स्पष्टपणे मोठे असतात.

डिफरन्शियल आणि क्लच

बॉल डिफरन्शियलमध्ये दोन कड्यांमध्ये दाबलेल्या गोळ्या गती पोहोचवतात. दाब कमी झाल्यास त्या घसरतात व कड्यांवर चरे पडतात. तपासणीसाठी स्पर गिअर व एक मागील चाक हाताने रोखून दुसरे चाक फिरवतात. डिफरन्शियलआधी स्लिपर क्लच घसरला पाहिजे. उलट घडल्यास डिफरन्शियल घट्ट करावे लागते. आवाज बंद करण्यासाठी केवळ क्लच सैल करणे हा उपाय नव्हे.

कोकणातील हवामान व माती

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली परिसर जांभ्या खडकाचा आहे. तेथील लाल मातीत लोखंडाच्या ऑक्साइडचे प्रमाण मोठे असते. ही बारीक धूळ उघड्या दंतचक्रांवरील ग्रीसमध्ये मिसळली की घासणारा लेप तयार होतो. म्हणून उघड्या पिनियनवर व प्लॅस्टिकच्या स्पर गिअरवर ग्रीस लावणे टाळतात. ग्रीस बंद पेटीतील चक्रांपुरते ठेवतात. मालवणच्या पुळणीवरील वाळूतील क्वार्ट्‌झ बेअरिंगच्या पोलादाहूनही कठीण असते, तर खारे पाणी बेअरिंग गंजवते. किनाऱ्यावर चालवलेल्या बग्गीचे बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून त्यांत हलके तेल घालणे आवश्यक ठरते. दमट पावसाळ्यात बग्गी बराच काळ पडून राहिल्यास सुरुवातीची खरखर बहुधा गंजाची असते.

प्रतिबंध

धातूत बसणाऱ्या ग्रब स्क्रूला थ्रेडलॉकर लावणे, तो दांड्याच्या सपाट भागावरच घट्ट करणे, आणि प्रत्येक फेरफटक्यानंतर दातांतील खडे काढणे हे मुख्य उपाय होत. थ्रेडलॉकर प्लॅस्टिकला लागू देऊ नये. काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होतात. स्पर गिअरचे दात टोकाला धारदार दिसू लागल्यास जुळणी बदलण्यात अर्थ उरत नाही. ते चक्रच बदलावे लागते. पिनियनही झिजलेले असेल, तर नव्या स्पर गिअरबरोबर तेही बदलतात, कारण झिजलेले पिनियन नव्या चक्राचे दात लवकर खाते.