एस्पेरान्तो : शिकले कोण, वापरली कोणी?

सोलापुरात ज्याने कामगारांच्या सभा घेतल्या आहेत त्याला भाषेचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. यंत्रमाग कारखान्यापुढे द्वारसभा घ्यावी तर पुष्कळशी मंडळी तेलुगू बोलणारी. विडी कामगार बायकांतही तेच. मी मराठीत बोलायचो, शेजारी उभा असलेला कार्यकर्ता तेलुगूत सांगायचा आणि माझ्या तीन वाक्यांचे त्याच्या तोंडी एक वाक्य व्हायचे. मधले काय गळाले, हे मला कधीच कळले नाही. म्हणून सर्व जगातील कामगारांसाठी एक भाषा, ही कल्पना वाचनालयात प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले नाही. पण एका सहकाऱ्याने विचारले, "शिकलास तर बोलणार कोणाशी?" आणि मी निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

भाषेचा जनक डॉ. झामेनहोफ हा डोळ्यांचा वैद्य. 1859 साली बियालिस्तोक या गावी जन्मलेला. त्या गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि यहुदी लोक शेजारी राहत व एकमेकांचा द्वेष करीत. 1887 साली वॉर्सा येथे त्याने पहिले पुस्तक काढले, तेही 'आशा करणारा' अशा अर्थाच्या टोपणनावाने. व्याकरणाचे नियम अवघे सोळा. नाम नेहमी 'ओ'ने संपावयाचे, विशेषण 'आ'ने. क्रियापदाला अपवाद मुळीच नाहीत. 'लाबोरो' म्हणजे काम, 'लाबोरिस्तो' म्हणजे कामगार, 'लाबोरेयो' म्हणजे कामाची जागा. एक धातू पाठ केला की त्याला जोड देत जावे. सांधा कसा बसवायचा हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवे वाटू नये.

प्रारंभी ही भाषा शिकले ते शिक्षक, डॉक्टर, कारकून अशा पांढरपेशा वर्गातील लोक. 1905 साली फ्रान्समधील बूलोन येथे पहिली जागतिक परिषद भरली, तिला सुमारे सातशे मंडळी आली होती आणि दुभाष्याची गरज पडली नाही. परंतु परिषद संपवून घरी गेल्यावर वर्षभर ती भाषा कोणाशी बोलावी, हा प्रश्न त्यांच्यापैकी पुष्कळांपुढे उरलाच असणार. माझ्या मते त्यांना भाषेची हौस होती, निकड नव्हती.

निकड असलेली माणसे पहिल्या महायुद्धानंतर आली. फ्रान्समधील नॉर्मंडीचा एक सुतार, एझेन आदां, युद्धकाळात ही भाषा शिकला. शाळेचे शिक्षण थोडके. पुढचे सारे त्याने स्वतःच मिळविले. (अशा माणसाविषयी मला पक्षपात आहे, हे आधीच कबूल करतो.) 'लान्ती' या नावाने तो लिही, सगळ्यालाच विरोध करणारा म्हणून ते नाव. 1921 साली प्राग येथे त्याने कामगारांची राष्ट्रनिरपेक्ष संघटना काढली. तिच्यात देशवार शाखा नव्हत्या. प्रत्येकाने व्यक्तिशः सभासद व्हावयाचे. 1930च्या सुमारास सभासद साडेसहा हजारांच्या घरात गेले. जगाच्या मानाने आकडा लहानच. पण हे लोक भाषा वापरीत होते. 1926 साली त्यांची परिषद लेनिनग्राडला झाली, 1929 साली लाइपझिगला. आणि 1930 साली त्यांनी एस्पेरान्तोचा एक संपूर्ण शब्दकोश छापून काढला, तोही अर्थ एस्पेरान्तोतच सांगणारा.

त्यांचा खरा व्यवहार मात्र पत्रांचा. जर्मनीतील कामगार रशियातील कामगाराला लिही, उत्तर आले की त्याचे भाषांतर करून स्थानिक वृत्तपत्राला देई. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्याने रशियन शिकावयाचे म्हटले तर वर्षे गेली असती. ही भाषा काही महिन्यांत पत्र लिहिण्याइतकी येई. आता विचार करा, कामगार कामगाराला काय विचारणार? मजुरी किती, पावाचा भाव काय, राहावयास खोल्या किती. मीही हेच विचारले असते. सोव्हिएट संघटनेला हा पत्रव्यवहार प्रथम प्रचारासाठी हवाच होता. परंतु अशा साध्या प्रश्नांना खरी उत्तरे जाऊ लागली तर कोणत्याही सरकारची अडचणच होते. लान्ती स्वतः 1922 साली रशिया पाहून आला आणि पुढे त्याचे कम्युनिस्टांशी बिनसले. संघटनेतही फूट पडली.

यानंतरचा इतिहास सांगताना जीभ अडखळते. जर्मनीत 1933 साली नाझी सत्तेवर येताच कामगारांच्या एस्पेरान्तो संस्था मोडल्या गेल्या. 1936 साली उरलेल्या सर्वांवर बंदी आली. सोव्हिएट संघटनेचा प्रमुख द्रेझेन याला 1937 साली गोळी घातली गेली. परदेशी पत्रे येणे हाच हेरगिरीचा पुरावा ठरला. झामेनहोफच्या तिन्ही अपत्यांना नाझींनी मारले. मुलगा 1940 साली गोळीने, दोन्ही मुली 1942 साली त्रेब्लिंकाच्या छळछावणीत. ही भाषा कोणी वापरीतच नाही असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, न वापरल्या जाणाऱ्या भाषेची इतकी धास्ती दोन बलाढ्य राजवटींनी का घेतली असावी?

आणखी एक-दोन उदाहरणे देतो. हासेगावा तेरू ही जपानी स्त्री या भाषेमुळे एका चिनी तरुणाला भेटली, 1936 साली त्याच्याशी विवाह केला, चीनला गेली आणि 1938 साली तेथील नभोवाणीवरून आपल्याच देशाच्या युद्धाविरुद्ध जपानीत बोलली. तिचे लेखन मात्र एस्पेरान्तोत. आपल्याकडे शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिंह हस्तकला शिकण्यास स्वीडनला गेले, तेथे ही भाषा शिकले, युरोपात तिच्यातून व्याख्याने दिली आणि रवींद्रनाथांच्या कथा तिच्यात नेल्या.

आज काय स्थिती आहे? 1974 पासून प्रवाशांना घरी उतरवून घेणाऱ्या एस्पेरान्तो-भाषकांची यादी निघू लागली. पैसे द्यावयाचे नाहीत, पण भाषा यावयास हवी. 2015 साली मोबाइलवरील एका लोकप्रिय अभ्यासक्रमात तिचा समावेश झाला आणि नाव नोंदविणारे दहा लाखांवर गेले. यांतील किती जण दुसऱ्या महिन्यात टिकले असतील याचा अंदाज आपण करू शकता. आमच्या अभ्यासवर्गांच्या हजेरीपटावरून मी तरी करतो.

लान्तीने 1936 साली पॅरिस सोडले. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका करीत तो मेक्सिकोला पोहोचला. त्याची पत्रे 1940 साली पुस्तकरूपाने निघाली, अर्थातच एस्पेरान्तोत. आजाराला कंटाळून 1947 साली त्याने मेक्सिकोत जीवन संपविले. त्याच्या संघटनेने 1970 साली तो शब्दकोश वाढवून, चित्रांसह पुन्हा काढला. ती संघटना आजही आहे, सभासद थोडे आहेत, आणि परिषदेत दुभाषी लागत नाही.