भाडं किती आणि नाव काय?

मागच्या वर्षी भाच्यासाठी मुंबईत खोली शोधत होतो. पोराला नवीन नोकरी, ऑफिस लोअर परळला, पगार बेताचा. आठ-दहा हजारांत मिळेल ते घ्यायचं ठरवलं होतं. एका दलालाने फोनवर खोलीचं वर्णन केलं, भाडं आणि डिपॉझिट सांगितलं, अकरा महिन्यांचा करार समजावला. शेवटी विचारलं, “नाव काय म्हणालात?” नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. “मालकांशी बोलून कळवतो.” तो फोन अजून यायचा आहे.

आठवडाभरात असे चार अनुभव आल्यावर भाचा म्हणाला, “मामू, नुसतं समीर सांगितलं तर? आडनाव नंतर बघू.” मी हसलो, पण मनात चर्र झालं. भाड्याच्या खोलीसाठी नाव झाकायची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. 1917 साली परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. काही दिवसांत ते उघडकीस आलं. काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि बाबासाहेबांना जागा सोडावी लागली. मदतीसाठी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, तर त्यांनीही काही ना काही कारण सांगून टाळलं.

हेच बाबासाहेब मुंबईत मात्र भाड्याच्या खोलीत वर्षानुवर्षं राहिले. परळच्या बीआयटी चाळीत त्यांच्या कुटुंबाचं दीर्घकाळ वास्तव्य होतं. हा फरक कशामुळे पडला? बडोद्यातली जागा खासगी होती आणि परळची चाळ सार्वजनिक संस्थेची. मुंबईतल्या गरिबांच्या भाड्याच्या घरांचा इतिहास या फरकाभोवती फिरतो.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेगचा रुग्ण सापडला. शहर रिकामं होऊ लागलं, गिरण्या आणि गोदी ओस पडली. तेव्हा कुठे सरकारला कोंदट खोल्यांत दाटीने राहणारा कामगार दिसला. 1898 च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी, स्थापन झाली. दाट वस्त्या फोडून हवा खेळवायची, रस्ते काढायचे आणि गरिबांसाठी चाळी बांधायच्या, हे तिचं काम. ट्रस्टने पाडलं भराभर आणि बांधलं सावकाश. प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड हे रस्ते झाले, पण त्यांच्या वाटेतल्या घरांमधली माणसं आणखी दाटीच्या गल्ल्यांत शिरली. तरीही आग्रीपाडा, इमामवाडा, परळ इथे ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या.

त्यातल्याच आग्रीपाड्याच्या एका खोलीत माझे आजोबा राहिले. रत्नागिरीहून बोटीने आले, गोदीत लागले. सुरुवातीला गावच्या जमातीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. एक कामावर गेला की दुसरा त्याची पथारी घ्यायचा. पुढे ट्रस्टची खोली मिळाली. खोली एक, माणसं नऊ, संडास मजल्यावर सामाईक. पण भाड्याची पावती त्यांच्या नावावर यायची. अब्बा सांगतात, आजोबा त्या पावत्या निकाहनाम्यासोबत पेटीत जपून ठेवत.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई आणि गिरण्यांतले संप यांनी सरकार पुन्हा हललं. 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. रुईच्या गाठीमागे एक रुपया कर लावून 50 हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून 207 चाळी, म्हणजे साधारण 16 हजार खोल्या झाल्या. खोली 160 चौरस फुटांची. काँक्रीटच्या त्या चाळींत कामगार सुरुवातीला जायलाच तयार नव्हते, कारण भाडं जास्त आणि गिरणी लांब. वरळीच्या काही चाळी तर सत्याग्रहाच्या काळात तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या.

नंतर आला 1947 चा भाडेनियंत्रण कायदा. भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. फाळणी आणि टंचाईच्या त्या दिवसांत या कायद्याने लाखो कुटुंबांना तारलं, हे विसरून चालणार नाही. आजोबांसारख्यांना कुणी रातोरात बाहेर काढू शकलं नाही. पण गोठलेलं भाडं पुढची पन्नास वर्षं वितळलंच नाही. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी फोफावली आणि भाड्यासाठी इमारत बांधणं जवळपास थांबलं. इमारती कोसळू लागल्या म्हणून 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असं म्हटलं. त्यानंतर 1999 चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला 4 टक्के भाडेवाढ आणि पागडीलाही मान्यता होती. तोवर नवीन भाडेकरू मात्र ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या अकरा महिन्यांवर येऊन पडला होता.

या सगळ्या कायद्यांनी ‘भाडं किती’ या प्रश्नावर डोकं खाजवलं. ‘नाव काय’ हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडला. राज्यघटनेचं कलम 15 सरकारला धर्मावरून भेदभाव करू देत नाही, खासगी घरमालकाला मात्र ते आवरत नाही. उलट 2005 साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवण्याचा नियम वैध ठरवला. मुस्लिमांना आवडीच्या वस्तीत घर मिळत नाही, ही तक्रार 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदली आहे.

1992-93 च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं मुंब्रा, मीरा रोडकडे सरकली. लोक म्हणतात, “तुमचेच लोक एकत्र राहतात.” त्यातल्या किती जणांनी आधी दुसरीकडे फोन केले होते, हे कुणी विचारत नाही.

भाच्यालाही शेवटी मुंब्र्यात कौसा इथेच खोली मिळाली. ऑफिसला जायला दीड तास, यायला दीड तास. त्याची लोकल परळवरून जाते. स्टेशनपासून जवळच बाबासाहेब राहिले ती चाळ आहे. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारने प्लेगच्या भीतीपोटी का होईना, भाड्याने द्यायला खोल्या बांधल्या. आज त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. जुन्या भाडेकरूंना मालकीची घरं मिळताहेत, ते योग्यच आहे. पण उद्या शहरात येणाऱ्या गरीब पोराला भाड्याने खोली देणारं सार्वजनिक दार त्यात कुठेच नाही. ते दार असतं, तर समीरला आडनाव लपवायचा विचार करावा लागला नसता.