कोड न लिहिणाऱ्यांचे नागरिकत्व : मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातील एक मतदान

१/
ऑक्टोबर २०१०. संगणकासाठी मुक्त प्रणाली घडवणाऱ्या ‘डेबियन’ या जगभर विखुरलेल्या समुदायात मतदान झाले. प्रश्न असा : जो कोड लिहीत नाही, पॅकेज बांधत नाही, त्यालाही समुदायाचा पूर्ण सभासद मानावे काय? वरकरणी तांत्रिक भासणारा हा प्रश्न वस्तुतः नागरिकत्वाचा होता. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/
थोडी पार्श्वभूमी. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा लिनक्स आला. १९९३च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियनची मुहूर्तमेढ रोवली. १९९७ साली डेबियनने सामाजिक करारनामा स्वीकारला आणि १९९८ साली लिखित घटना. दरवर्षी नेत्याची निवडणूक, सभासदांना मताधिकार, नेत्याचा निर्णयही ठरावाने फिरवण्याची मुभा : हे एक छोटेखानी प्रजासत्ताकच होते.

३/
मात्र या घटनेत सभासदासाठी शब्द होता ‘डेव्हलपर’. प्रवेशाची प्रक्रियाही मुख्यतः पॅकेज बांधणाऱ्यांना, म्हणजे सॉफ्टवेअर सहज बसवता येईल अशा गठ्ठ्यांत सिद्ध करणाऱ्यांना, डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. अनुवादक, पुस्तिका लिहिणारे, चुका तपासणारे यांचे श्रम समुदायाला हवे होते. परंतु मताधिकाराचा दरवाजा त्यांच्या मापाचा नव्हता.

४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे ओळखीचे काही दिसेल. आपल्याकडे १९३५च्या कायद्यातही मताधिकार मालमत्ता, कर वा शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. साम्य मर्यादितच आहे, कारण पॅकेज बांधणे कोणालाही शिकता येते. तरीही मूळ प्रश्न तोच : कोणाचे योगदान ‘योगदान’ म्हणून मोजायचे?

५/
या न मोजलेल्या कामाचे स्वरूप पाहा. अनुवादाच्या फाइलीत मूळ इंग्रजी वाक्य असते आणि त्याखाली रिकामी जागा. तेथे ‘जतन करा’ लिहावे की ‘साठवा’? एका प्रोग्रॅममध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरा शब्द आला, तर वापरणारा गोंधळतो. पुण्यातून आकाराला आलेल्या ‘फ्यूएल’ या उपक्रमाने भारतीय भाषांतील अशा वारंवार येणाऱ्या शब्दांचे प्रमाणीकरण हाती घेतले, ते याच कारणाने. येथे कस लागतो तो भाषाज्ञानाचा.

६/
दुसरे उदाहरण ‘ग्नोम’ समुदायाचे. २००६ साली विद्यार्थ्यांसाठीच्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात ग्नोमकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्री नव्हती. मग ग्नोमने स्त्रियांसाठी स्वतंत्र उन्हाळी उपक्रम जाहीर केला आणि शंभराहून अधिक अर्ज दाखल झाले. इच्छुक होतेच, त्यांच्यापर्यंत निमंत्रण पोहोचत नव्हते.

७/
२०१० साली हा उपक्रम पुन्हा उभा राहिला. पुढे तो ‘आउटरीची’ या नावाने ग्नोमच्या बाहेरही विस्तारला. लेखन, आरेखन यांसारखी कामे त्यात आली. नवागताला मार्गदर्शक मिळतो, मानधन मिळते. आणि निवडीपूर्वीच एखादे छोटे, प्रत्यक्ष उपयोगी पडणारे काम पूर्ण करावे लागते. अर्जदाराची पारख मुख्यतः या कामावरून होते.

८/
आता पुन्हा ऑक्टोबर २०१०कडे. डेबियनचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. अनुवाद, संकेतस्थळाची देखभाल, चाचणी, कायदेविषयक सल्ला अशा कामांचा त्यात नावानिशी उल्लेख होता. ही कामे करणाऱ्यांनाही सभासदत्व खुले झाले.

९/
एक अट राहिली : मुख्य भांडारात पॅकेज चढवण्याचा अधिकार त्यांना नसेल. हा दुजाभाव नव्हे काय? माझ्या मते नव्हे. भांडारातले पॅकेज असंख्य यंत्रांवर पूर्ण अधिकाराने बसते; तेथील किल्ली त्या कामाचा सराव असलेल्यांकडेच असणे रास्त. ठरावाचे मर्म असे की त्याने मत आणि किल्ली या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. राज्यकारभारात सहभागी होण्यासाठी कोठाराची किल्ली कमरेला असावी लागत नाही.

१०/
अर्थात, केवळ मताधिकाराने नवागत येत नाहीत. वरील उदाहरणांतून तीन गोष्टी दिसतात : काम छोटे आणि स्पष्ट असावे, विचारायला माणूस असावा, आणि केलेल्या कामाची नावानिशी नोंद व्हावी. यांतील एक जरी निखळली, तरी उत्साही माणूस दारातूनच परततो.

११/
वाचकहो, इतिहासाच्या अभ्यासकाला यात जागा आहे का? निश्चित आहे. साधनांची चिकित्सा करताना आपण जे विचारतो, तेच चूक नोंदवताना लिहायचे असते : मी काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले. तुम्ही रोज वापरता असे एखादे मुक्त सॉफ्टवेअर निवडा, त्याची मराठी पुस्तिका वाचा आणि जेथे अडखळाल ते वाक्य सुधारून पाठवा.

कोणते निवडलेत, ते खाली अवश्य लिहा.