कचरा हद्दीबाहेर गेला, म्हणजे गेला कुठे?

मी कोथरूडला वाढलो. वनाझच्या स्टॉपवर उतरलं की आधी वास यायचा, मग घारी दिसायच्या. पौड रस्त्याच्या कडेला शहराचा कचरा डेपो होता. आज तिथे मेट्रोचा डेपो आहे. 2022 साली वनाझहून मेट्रो सुरू झाली तेव्हा फोटो काढायला गर्दी उसळली होती. आपण कशावर उभे आहोत, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोथरूडचा डेपो बंद झाला. आम्ही सगळे खूश. कचरा गेला! कुठे गेला, हे आमच्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तो गेला हडपसरच्या पलीकडे, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात. माउलींची पालखी ज्या वाटेने दिवेघाटाकडे जाते, त्याच वाटेवरची ही गावं. शंभराहून जास्त एकरांवर पुण्याचा कचरा साठत गेला. विहिरींचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही, टँकर सुरू झाले. ही गावं तेव्हा महापालिकेत नव्हती. म्हणजे तिथल्या माणसाचं पुण्यात मत नाही, नगरसेवक नाही. घाण मात्र पुण्याची.

आता कायद्याकडे बघू. 1860 च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक उपद्रवाला कमाल दंड होता 200 रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. पण 2024 च्या जून अखेरपर्यंत तो आकडा तसाच राहिला! नव्या न्याय संहितेत तो 1,000 झाला. भोपाळनंतर आलेल्या 1986 च्या पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या दुरुस्तीने तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला.

ही कलमं वाचताना डोळ्यांसमोर येतो तो रात्री पिशवी भिरकावणारा माणूस. पण शहर स्वतःच घाण करत असेल तर?

हा प्रश्न मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनी विचारला. उघडी गटारं, रस्त्यावर मैला, वर दारूच्या कारखान्याचं सांडपाणी. रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले, त्याने नगरपालिकेला आदेश दिला. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1980 साली न्या. कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला : तिजोरी रिकामी आहे, हे कर्तव्य टाळायचं कारण होऊ शकत नाही. माझ्या मते कचऱ्याच्या आपल्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आहे, कारण इथे आरोपीच्या जागी खुद्द नगरपालिका उभी होती.

उरुळी-फुरसुंगीकरांनी निवेदनं दिली, न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि शेवटी गाड्या अडवल्या. एकदा नाही, अनेकदा. पुण्यात कुंड्या तुंबल्या की आपण म्हणायचो, 'गावकरी अडवणूक करतात.' अहो, अडवणूक कोण कुणाची करत होतं? खरं सांगायचं तर ओला-सुका वेगळा करायची शिस्त, वॉर्डावॉर्डातले छोटे बायोगॅस प्रकल्प, हे सगळं अंगवळणी पडायला त्या अडलेल्या गाड्यांचा मोठा हातभार आहे. 2008 पासून 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका दारोदार जात होत्याच. त्यांचं मोल आपल्याला कळलं ते गाड्या थांबल्यावर.

2017 मध्ये ही गावं पालिकेत आली आणि 2024 मध्ये पुन्हा वेगळी होऊन त्यांची नगरपरिषद झाली. हद्द आत-बाहेर होत राहिली, डोंगर जागचा हलला नाही.

हे सगळं आज का लिहितोय? कारण आपल्याकडे सध्या दर दुसऱ्या गल्लीत जुनी इमारत पाडली जातेय. तिचा राडारोडा कुठे जातो? सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारा. नदीपात्रात, टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठावर. डंपर रात्री येतो, पाच मिनिटांत रिकामा होतो. पकडायला गेलं तर चालक म्हणतो मालकाला विचारा, मालक म्हणतो ठेकेदाराला विचारा. हद्दीच्या टोकाला टाकला असेल तर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

रात्रीची गस्त घालून हे थांबणार नाही. डंपर निघतो तिथेच अडवायला हवं. 2016 च्या बांधकाम कचरा नियमांत ती सोय केली होती. दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टन राडारोडा निघणार असेल, तर काम सुरू करण्याआधी त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यावा, असं त्यांत म्हटलं होतं. म्हणजे डंपर भरण्याआधीच तो कुठे रिकामा होणार, हे कागदावर असायला हवं. वाघोलीला राडारोड्यावर प्रक्रियेचा प्रकल्पही आहे. आराखड्यातलं वजन आणि प्रकल्पाच्या काट्यावरचं वजन ताडून पाहिलं, की चोरी दिवसाढवळ्या सापडते.

तेव्हा एवढंच करा. शेजारची इमारत पाडायला घेतली की सोसायटीच्या लेटरहेडवर त्या आराखड्याची प्रत मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा. तुमचीच इमारत पुनर्विकासाला असेल तर आधी स्वतःच्या बिल्डरला विचारा, आणि पावत्या बघितल्याशिवाय गप्प बसू नका.

लहानपणी डेपो गेला तेव्हा मी विचारलं नव्हतं. आता विचारतोय.