पेटीला मींड नसते तेव्हा

१३ जून १९२२ ची रात्र. स्पेनमधल्या ग्रानादात, अल्हाम्ब्रा किल्ल्याच्या पटांगणात, लोकगाण्याची स्पर्धा ऐकायला माणसं दाटीवाटीनं बसली आहेत आणि त्यांच्यात तुम्ही, पंचवटीत कान तयार झालेले नाशिककर. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचा नाशकात जन्मलेला मुलगा दत्तात्रय तिकडे नुकता वर्षाचा झालाय.

सत्तरीच्या घरातला गायक दिएगो बेर्मूदेस गळा मोकळा करतो. शब्द कळत नाहीत, पण स्वर उतरू लागतात: मध्यम, कोमल गंधार, कोमल रिषभ, षड्ज. तुम्ही ताठ होऊन बसता. अरे, ही तर भैरवीची वाट! तेवढ्यात षड्जावर येताना गिटार शुद्ध गंधार छेडते आणि अंगावर काटा येतो. रिषभावर म्हातारा किती वेळ घुटमळतो! आपल्याकडे असता तर कुणीतरी 'क्या बात है' म्हटलंच असतं.

ही स्पर्धा संगीतकार मानुएल दे फाय्या आणि तरुण कवी लोर्का यांनी भरवली आहे. धंदेवाईक गायकांना तिच्यात उतरायला मज्जाव आहे. या गाण्याचं भारतातल्या गाण्याशी साम्य आहे, हे फाय्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

आता तीन वर्षं मागे, माद्रिदला चला. १९१९. फाय्या पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनसाठी 'फांतासिया बेतिका' ही पियानोची रचना लिहितोय आणि तुम्ही त्याच्या खांद्यामागे उभे आहात. त्याची अडचण तुम्हाला लगेच कळते, कारण ती आपल्या पेटीचीच आहे. पियानोला मींड नाही. स्वर पट्टीत कोंडलेले, दोन पट्ट्यांमधली जागा मुकी. याच दुखण्यापायी १९४० साली ऑल इंडिया रेडिओ पेटीला दाराबाहेर काढणार आहे.

फाय्या मात्र पियानोला बाहेर काढत नाही. मुख्य स्वराच्या अगदी आधी, जवळजवळ त्याच्यासोबतच, तो शेजारची पट्टी ओझरती वाजवतो. दोन्ही एकमेकांवर घासतात आणि मधली मुकी जागा कानाला ऐकू आल्यासारखी वाटते. पुढे बोटं एकाच सुरावर भराभर आपटतात: गिटारच्या तारांवरून नखं फिरावीत तशी. स्पॅनिश संगीतकार अल्बेनिसनं पियानोची गिटार आधीच केली होती. गळ्यातली ही खरखर त्यात आणली ती फाय्यानं, असं मला मनापासून वाटतं.

परत गोदाकाठी या. पेटीचा भाता हलवा. षड्ज धरा, कोमल रिषभाला क्षणभर स्पर्श करून सोडा. पहिल्यांदा नुसती पेटीच वाजेल. आणखी जवळून, पुन्हा एकदा.